झेंडूचा हार अन् गाडीचा पिवळा दिवा

मोबाइल ठेव बाजूले अन् अशी माह्याजवळ सरक. कागदावर का होईना, सरक. नात असलीस तरी तुह्यावर मी थोडी रागावलीच आहे. फोनवर तूही बापाची री ओढलीस, म्हणे आजी, ती जुनी गाडी विकून टाका. काहून वं? त्याच गाडीवर आबाच्या मागं बसून तू दहावीच्या पेपरले जात होतीस, विसरलीस? आता सगळं ऐक, मग बोल.

तुह्या बापानं कार घेतली तवा ही मोटरसायकल आबाले दिली. तेव्हापासून आमची सकाळ ठरलेली. मागं वांग्याचं पोतं, मधात मी, पुढं आबा, अन् चाललो शेलूबाजारले. जीपनं जाता येते, नाही असं नाही. पण घरी टीव्हीवरच्या बातम्या लागल्या की आबाले माह्यं बोलणं ऐकू येत नाही, अन् गाडीवर हेल्मेट घालूनही सारं ऐकू येते. आमच्या संसाराच्या बोलण्याचा वेळ तोच. म्हणून गाडी विकायचं मले पटेना.

झालं असं. मीटरवर एक पिवळा दिवा आहे. गाडी सुरू केली की लागते अन् जरा पुढं गेलं की विझते. दसरा झाला अन् तो विझेचना. शेलूबाजारच्या मिस्त्रीनं सांगितलं, हा एबीएसचा दिवा. ब्रेक लागतील, पण ओल्या सडकेवर जोरात दाबला तर चाक गच्च अडकून गाडी घसरंल. त्यानं पुढच्या चाकात पाण्याचा फवारा मारून आपल्या शेतातली काळी माती काढली. दिवा विझला. आम्ही खुशीत घरी.

आपल्या घरची रीत तुले माहीतच आहे. काही नवं आलं, काही दुरुस्त होऊन आलं, की त्याले हळदकुंकू अन् हार. विहिरीतला पंप दुरुस्त होऊन आला तरी हार. झेंडू घरचा, ओवायले मी, बांधायले आबा. हँडलले बांधला तर पाकळ्या तोंडावर उडतात, म्हणून आबा पुढच्या चाकापाशी, खालच्या दांडीले पक्का बांधतात. दसऱ्याले बांधला होता, तसाच परत बांधला. अन् दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला.

तुहा बाप रविवारी अकोल्याहून आला. म्हणाला, या वयात असा बिनभरवशाचा ब्रेक नको, पुढच्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. चुकीचं नव्हतं त्याचं. आबा नुसती सीट पुसत राह्यले. मीच म्हटलं, तोवर दिवा विझला तर? तो म्हणाला, विझला अन् विझलेलाच राह्यला, तर ठेवा.

मग आबाच्या मागं बसून मी स्वतः मिस्त्रीकडे गेली. स्टुलावर बसून चाक खोलताना पाहत राह्यली. चाकापाशी एक दात्याची चकती असते, अन् तिच्याजवळ एक सेन्सर, चाक किती फिरलं ते पाहणारा. मिस्त्रीनं तिथून चिमट्यानं काहीतरी ओढलं. ते येतच राह्यलं, येतच राह्यलं. पिवळा नायलॉनचा दोरा, चिखलात मुरलेला, अन् त्यानं सेन्सरची वायर आवळून धरलेली. तो दोरा पाहताच मी ओळखला. माह्या हाराचाच होता.

मिस्त्रीनं माह्याकडं पाह्यलं, मग आबाकडं. "काका, कोणाची पूजा करून राह्यले तुमी? गाडीची का माह्या धंद्याची?"

आबा म्हणाले, "हार मीच बांधला, पण ओवला हिनं."

"मंग दोघाईची शिक्षा एकच. आता हार बांधाचाच असंल, तर काकाच्या गळ्यात बांधा, काकू. तिथं सेन्सर नाही."

वायर नीट बसवली, चाक लावलं, चक्कर मारली. दिवा विझला. अन् मी काय केलं सांगू? त्या दिवशी वांग्यासोबत बाजारात विकायले नेलेल्या झेंडूच्या हारातला एक काढून खरंच आबाच्या गळ्यात घातला. ते तसेच गाडी चालवत घरी आले. फाट्यावर चहाले थांबून आबानं हेल्मेट काढलं, तर चहावाल्यानं विचारलं, आबा, कोणती निवडणूक जिंकली? आबा म्हणाले, घरची. अन् साठी उलटलेला तो माणूस लाजला, मागून मले त्यांचे लाल झालेले कान दिसत होते.

रविवारी तुह्या बापानं स्वतः गाडी नेली. मेडशीकडं लांब फेरी मारून आला, ब्रेक दाबून पाह्यला. दिवा बंद. किल्ली आबाच्या हातात देऊन म्हणाला, "हार घरातच ठेवा आबा, अन् गाडीही."

तर असं आहे. झेंडू अजून फुलून राह्यला, वांगीही आहेत. परीक्षा संपली की लवकर ये बाई. पोतं एक दिवस जीपमध्ये टाकू, अन् मधली माह्यी जागा तुले देईन. आबाशी बोल जरा, गाडीवर त्यांना सारं ऐकू येते.