कॅमेरा बंद होता!

आमचे रशियातल्या पेर्म शहरातले शेजारी गेनादी लुकिच गाडीतल्या कॅमेऱ्यावर लोकांच्या चुका टिपतात आणि अख्ख्या इमारतीला दाखवत सुटतात. "बघा, कसा घुसला गाढव!"

शनिवारी घराजवळच्या चौकात सिग्नल तोडून एक ट्रक त्यांनाच धडकला. आवाज ऐकून त्यांच्या सासूबाईही धावत आल्या.

पोलीस म्हणाला, "काका, रेकॉर्डिंग दाखवा."

"कॅमेरा बंद होता हो. चूक माझीच."

संध्याकाळी त्यांनी मला गुपचूप रेकॉर्डिंग दाखवलं. ट्रकची चूक लख्ख दिसत होती. पण त्याआधी दहा मिनिटं लुकिच एकटेच, सासूबाईंची नक्कल करत, त्यांच्या कोबीच्या सुपाला नावं ठेवत होते.

मी चिडलो. "अहो, फुकट दंड भरलात!"

"दंड एकदाच भरायचा असतो. सूप दर रविवारी प्यायचंय."