सहादेवचं बोट

देवळाली प्रवऱ्याच्या फाट्यावर सहादेवचं डिझेल पंप दुरुस्तीचं गॅरेज आहे. जुन्या इंजिनात दर सिलिंडरला पंपाकडून वेगळा पाईप जायचा. पंप ठोका देई, तेवढंच डिझेल नोझलमधून उडे. इंजिन एका सिलिंडरवर मार खाऊ लागलं, की चालू इंजिनावर एकेक पाईपचा नट सैल करायचा. आवाज बदलला तर सिलिंडर चांगला, नाही बदलला तर गडबड तिथंच. तालुक्यातले सगळे मिस्त्री असंच करत. सहादेव वर आणखी पाईपला बोट लावून ठोका बघायचा, वैद्यानं नाडी बघावी तसा.

मग नवे ट्रॅक्टर आले. त्यांचा पंप एका जाड नळीत डिझेल सतत कोंबत राहतो, आणि कधी, किती उडवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. धूर कमी, ओढ जास्त, सगळं कबूल. पण त्या नळीतला दाब जुन्याच्या कित्येक पट, आणि इंजिन चालू आहे तोवर तो उतरतच नाही. हे मिस्त्र्यांना कुणी सांगायचं? शोरूमवाल्यांनी गावोगाव मांडव घातले, जिलेबी वाटली, ट्रॅक्टर खपवले. सहादेव स्वतःहून त्यांच्याकडे गेला होता. "आमाला बी शिकवा, सायेब. गाडी बंद पडली की लोक आमच्याच दारात येत्यात." मॅनेजर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "ते ट्रेनिंग आमच्या माणसांपुरतं असतं."

ऐन गाळपात कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याचा नवा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्यांसकट कारखान्याच्या रस्त्यावर अडला. इंजिन चालू होतं, पण ओढत नव्हतं. शोरूमची गाडी चार दिवस येणार नव्हती, आणि मागे वाहनांची रांग लागलेली. कानिफनाथनं सहादेवला बोलावलं. सहादेवनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. नट सैल केला, बोट लावलं.

सुई टोचल्यासारखं झालं, बस. रक्तसुद्धा आलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मलम दिलं. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. बायको रोहिणीनं त्याला नगरला नेलं. तिथले सर्जन चिडले, "कातडीखाली डिझेल घुसलंय. तेव्हाच का नाही आणलं?" उजव्या हाताची तर्जनी काढावी लागली.

सहादेव शोरूमला जाब विचारायला गेला. मॅनेजरनं बॉनेट उघडून एक स्टिकर दाखवला. काड्यापेटीएवढा, सगळा इंग्रजीत. "सूचना दिलेली आहे. तुम्ही वाचली नाही."

"व्हय, न्हाई वाचली," सहादेव म्हणाला. "ट्रॅक्टर इकताना मराठी येतं तुमाला. जिलेबी मराठीत वाटली. मानूस वाचवायचा म्हनलं की इंग्रजी?"

घरी तो धड जेवेना. बोट गेलं ते गेलंच, पण चूक आपल्याच माथी मारली, हे त्याला गिळवत नव्हतं. आणि का गिळावं?

पाडव्याला शोरूमपुढं हार घातलेले ट्रॅक्टर ओळीनं उभे होते. सहादेव लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन गेला आणि पहिल्याच ट्रॅक्टरच्या बॉनेटवर डाव्या हातानं लिहू लागला. अक्षरं वाकडी आली, पण लांबून वाचता येत होती: 'इंजिन चालू असताना डिझेलच्या पाईपला हात लावू नका. बोट जातं.'

मॅनेजर धावत आला. "अरे, पुसा ते आधी! गिऱ्हाइकाचा माल आहे! पोलीस बोलवा!"

ट्रॅक्टर राहुरीच्या राहीबाईंचा होता. पूजेचं ताट हातात घेऊन त्या पुढं आल्या. सगळं वाचलं. मग सहादेवच्या हाताकडं पाहिलं.

"कुनी पुसायचं न्हाई," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "माझा ट्रॅक्टर हाय, आन् त्येचं इंजिन माझा ल्योकच खोलतो." मग सहादेवकडं वळल्या. "मिस्त्री, त्या बाजूला बी लिवा."