कौतिक मास्तरांची बोंडअळी

आमच्या दोंडाईच्याच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर कौतिक पाटील एका जागी स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. त्र्याण्णव साली कापसाच्या बोंडअळीवरचा एक शोधनिबंध त्यांच्या हाती पडला आणि होती नव्हती ती झोपही उडाली. रोजच्या उष्णतेची बेरीज ठेवली, तर अळी कधी निघणार ते आधीच कळतं, असं त्यात सूत्र होतं. शेतकऱ्याने तापमान टाइप करावं आणि कॉम्प्युटरने फवारणीचा दिवस सांगावा, एवढंच मास्तरांच्या डोक्यात घोळायचं. आदल्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ निंबा उशिरा फवारून हात चोळत बसला होता.

पण प्रोग्रॅम लिहायला शिकवणार कोण? धुळ्यातला कॉम्प्युटर क्लासवाला म्हणाला, निबंध सुबक टाइप करून देतो. एका प्राध्यापकाने चहा पाजून बोळवण केली. शेवटी तिथल्याच सूतगिरणीत पगाराचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या यशोदाबाई भेटल्या.

"मी लिहून देणार नाही. तुम्ही लिहा, मी चुका दाखवते."

दर शनिवारी मास्तर एसटीने धुळ्याला. पुढच्या पावसाळ्यात, मास्तरांनी घरी टिपलेल्या तापमानावरून, गिरणीतलं मशीन उत्तरं देऊ लागलं. अळीला अजून आठवडा आहे, असं त्याने सांगितलं आणि निंबा थांबला. मग एका सकाळी तो पोखरलेलं बोंड घेऊन दारात उभा. "भाऊ, अळी बोंडंमझार घुसी गई. तुन्हं मशीन आजून झोपेल शे."

मास्तर तडक धुळ्याला गेले आणि बाईंना नाही नाही ते बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. "थर्मामीटर कुठे टांगलाय?"

"रांजणाजवळ."

आमच्याकडे उन्हाळ्यात जे जे नाजूक, ते ओलं गोणपाट गुंडाळलेल्या रांजणापाशी जातं. काच फुटेल म्हणून मास्तरांनी मे महिन्यात थर्मामीटर तिथे टांगला, तो काढलाच नाही. त्या गारव्यात पारा खाली राहिला आणि मशीनने वावरही तेवढंच गार धरलं. बाईंनी कृषी महाविद्यालयातून खरे आकडे मागवून मास्तरांनाच टाइप करायला लावले. पडद्यावर उलटून गेलेली तारीख आली. मास्तरांना रडू आवरेना.

"मीही विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "शनिवारी या. हा प्रश्न प्रोग्रॅममध्ये सगळ्यांत आधी घालू."

गावी परतून मास्तर थेट वावरात गेले. हिशोब बरोबर होता, चूक माझी, असं निंबाला सांगितलं.

निंबाने पंप पाठीवर चढवला. "मंग पुढला साल मशीनलेच इचारसूत," तो म्हणाला. "तुले नही."