नानांचे नव्वद दिवस

नाना आमच्या ऑफिसात आले की खुर्चीवर बसत नसत. दाराशी, चपलांजवळ बसायचे. कितीदा म्हणालो, "वर बसा हो." ते म्हणायचे, "डाग पुसू द्या, वकीलसाहेब. मंग बसतो ऐटीत."

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. मालात पोती कमी निघाली, चोरीचा गुन्हा दाखल झाला आणि कंपनीने त्यांना काढून टाकलं. ते पत्र घेऊन नाना आले तेव्हा आमचे मोठे वकील गावाला गेले होते. मी नवा, पण तोरा केवढा! छातीठोकपणे सांगितलं, "आधी फौजदारी केस संपू द्या. निर्दोष सुटलात की नोकरी कुठे जाते!"

नानांनी ते ब्रह्मवाक्य मानलं. प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून वडीगोद्रीहून एसटीने यायचे. कोर्ट उरकलं की थेट कंपनीच्या फाटकावर जाऊन वॉचमनला सांगायचे, "पुढची तारीख पडली. साहेबाच्या कानावर घाल. म्या जागा सोडली न्हाई." नऊ वर्षांत एकही खेप चुकली नाही. अशाने आपला हक्क शाबूत राहतो, अशी त्यांची समजूत. मला तिचं हसू यायचं. कंपनीला एक साधा लेखी अर्ज द्यावा, हे मात्र मलाही सुचलं नाही.

नाना निर्दोष सुटले. नोकरी परत मागायला आम्ही औरंगाबादच्या कामगार न्यायालयात गेलो, आणि तेव्हा कुठे मी कायदा नीट वाचला. तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची, तीही कामावरून काढल्यापासून. सुटकेपासून नव्हे. उशीर माफ करावा म्हणून अर्ज केला. फाटकावरच्या खेपांचा एकही कागद नव्हता आणि वॉचमन तर तीनदा बदलले होते. अर्ज फेटाळला गेला.

परतीच्या एसटीत शेजारी बसलो. चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. बदनापूर येईपर्यंत मी केसचे कागदच खालीवर करत बसलो. शेवटी नानांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी कामून तोंड पाडून बसले? तुमी सांगितल्तं तसंच केलं म्या. बिलकुल तसंच."

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. नोकरी गेलेला कुणी आला की त्याचं नाव विचारायच्या आधी मी पत्रावरची तारीख बघतो. लोक म्हणतात, वकीलसाहेब फार काटेकोर. नानांना मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. ते मला भला माणूस समजून गेले, ते आजही सोसत नाही.