शब्दाला माणूस

मी आयुष्यात पुष्कळ गाढवपणा केला आणि त्यातला बराचसा विसरलोही. एक मात्र विसरता येत नाही. तो काही हातून एकदा चुकून घडलेला नव्हता. तो मी महिनाभर, रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, स्वच्छ अक्षरात केला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कुंभकोणमला मी बी.ए. झालो होतो आणि मद्रासच्या एका मोठ्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करायचं डोक्यात होतं. जागा मोजक्या, त्यासाठी प्रवेशपरीक्षा, आणि तिच्यात एक अख्खा पेपर कठीण इंग्रजी शब्दांचा. वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी एवढंच सांगितलं होतं: जागा मिळाली तर जा, नाही मिळाली तर जुलैपासून माझ्या शेजारच्या टेबलावर नकला करायला बस, साहेबांशी बोलून ठेवलंय. त्या टेबलाची मला अशी धास्ती बसली होती की वडील घरी आले आणि त्यांच्या अंगरख्याला शाईचा वास आला तरी माझी भूक मरायची.

सुरुवातीला मी एक जाडजूड शब्दकोश घेऊन पहिल्या पानापासून पाठ करायला बसलो. ‘सी’पर्यंत पोचलो तेव्हा ‘ए’ साफ धुऊन गेला होता. पुढचं पाठ, मागचं सपाट. शेवटी कॉलेजातल्या माझ्या एका प्राध्यापकांनी चिठ्ठी देऊन मला गावातच मेलकावेरीला राहणाऱ्या एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांकडे पाठवलं. ते तमिळ, एकटे राहणारे, पासष्टीच्या पुढचे. सगळे त्यांना ‘सार’ म्हणत, मीही तेच म्हणे. फी घेत नसत. धोतरावर काळा कोट घालून सकाळी सात वाजता ओट्यावरच्या खुर्चीत बसत आणि बसण्यापूर्वी ती खुर्ची तीनदा पुसत.

त्यांनी शब्दकोश माझ्या हातातून काढून घेतला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

“पाठ करू नकोस,” ते म्हणाले. “शब्दाला माणूस शोध. दिवसाला सहा शब्द देईन. अर्थ समजून घे आणि गावात हिंड. संध्याकाळपर्यंत प्रत्येक शब्दाला एक खरा, चालता-बोलता माणूस मिळाला पाहिजे. वहीत शब्दापुढे त्याचं नाव लिही. मला नाव सांगू नकोस, मी चहाड्या ऐकायला बसलेलो नाही. तुमच्या घरच्या मराठीत लिही, म्हणजे वही कुणाच्या हाती पडली तरी भांडणं लागणार नाहीत. सकाळी तो माणूस काय करतो तेवढं इंग्रजीत सांग.”

युक्ती अशी लागू पडली की काय सांगू! ‘गॅर्युलस’ म्हणजे बडबड्या. तो देवळाच्या कुंडाजवळचा न्हावी झाला आणि पुन्हा कधी विसरला नाही. ‘ऑब्सीक्विअस’ म्हणजे लाळघोट्या. तो वडिलांच्या कचेरीतच सापडला. ‘इंडोलंट’ म्हणजे आळशी; त्याच्यासाठी मी सायकल मारत इन्नंबूरपर्यंत गेलो, तर भाताच्या खाचराच्या बांधावर राखणदार पालथा झोपला होता आणि त्याच्या पाठीवर कावळा बसला होता. नावं मी मोडीत लिहीत असे. मोडी आमच्या घरात वडिलांनी शिकवली होती. घराण्यात कुणी एके काळी सरकारी दप्तर लिहीत असत म्हणे; दप्तर गेलं, लिपी राहिली. सार वही हातात घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि शब्दापुढची जागा रिकामी नाही ना, एवढं बघत. निदान मला तसं वाटे.

इथं आमच्या एका खोडीबद्दल सांगितलं पाहिजे. आम्ही पिढ्यानपिढ्या तिथं राहिलेले मराठी लोक घरात मराठी बोलत असू आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. पण कुणाची निंदा करायची असली की भर बाजारातही मराठीच. भाजीवाल्यासमोर उभं राहून, चेहरा गंभीर ठेवून, त्याच्या वांग्यांची आणि त्याच्या मिशीची एकत्र टवाळी करायची आणि वर त्यालाच तमिळमध्ये गोड आवाजात भाव विचारायचा. थोरामोठ्यांपासून सगळे हेच करत. आमच्या लेखी मराठी म्हणजे आतून कडी लावलेली खोली होती.

पुढे उन्हाळा चढला आणि मला हिंडायचा कंटाळा येऊ लागला. एका दुपारी ‘पीडॅंटिक’ या शब्दाला, म्हणजे विद्येचा तोरा मिरवणाऱ्याला, माणूस सापडेना. मग मनात आलं, लांब कशाला जायचं? मोडीत लिहून टाकलं: सार. दुसऱ्या दिवशी ‘फास्टिडिअस’, म्हणजे ज्याचं कशानंच समाधान होत नाही असा खुसपटी माणूस: सार. मग चटकच लागली. सहातले तीन-तीन शब्द त्यांच्यावर खर्ची पडू लागले. ते माझ्यासमोर बसून मला फुकट शिकवत होते आणि मी त्यांच्याच वहाणेनं त्यांना मारत होतो.

वर सकाळी इंग्रजीत वर्णनही करायचं असे. मी म्हणे, एक माणूस आपली खुर्ची तीनदा पुसतो आणि तरी तिच्यावर असा बसतो की जणू कुणी त्याचा अपमान केला आहे. सार डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “‘तीनदा’ वाक्याच्या शेवटी घाल. माणूस चांगला पाहिलास.” दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, एक माणूस इतका मोडकळीला आला आहे की छत्रीसुद्धा त्याच्यापेक्षा ताठ उभी राहते. सारांनी जरा विचार केला. “‘सुद्धा’ काढ,” ते म्हणाले. “त्याशिवाय वाक्य जास्त लागतं.”

मी मनातल्या मनात उड्या मारत घरी जाई आणि अक्काला, म्हणजे बाळंतपणाला आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, सगळं साग्रसंगीत ऐकवी. तिला हसू आवरत नसे.

“अय्यो, पुरे रे! पोट दुखतें माझें,” ती म्हणे. आणि एकदा डोळे पुसून म्हणाली, “त्यांस कळलें तर रे?”

“कसें कळेल? मोडी आहे,” मी म्हणालो. त्या उत्तराचा मला केवढा अभिमान वाटला होता!

परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना रामनवमी आली. आमच्या घरी भजन असे. वडील म्हणाले, एवढं शिकवतायत, त्यांना बोलवायला मी स्वतः येतो. ती त्यांची पहिलीच भेट. ओट्याखाली उभं राहून वडिलांनी तमिळमध्ये नमस्कार सांगितला. सार खुर्चीतून उठले, हात जोडले आणि आमच्या घरात आजोबा बोलत असतील तसल्या जुन्या मराठीत म्हणाले,

“यावें, बसावें. येवढ्या उन्हांत पायीं आलांत?”

वडील पाहतच राहिले. सार हसले. “माझें बालपण पट्टीश्वरमला गेलें. वडील एका मराठी जमीनदाराकडे लिखापढीस होते. त्यांच्याच ओट्यावर बोलणें शिकलों, मोडीही तेथेंच शिकलों. आतां बोलायास कोणी मिळत नाही.” मग थोडं थांबून, “अलीकडे वाचायास मात्र मिळतें.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वडिलांना वाटलं, जुनी कागदपत्रं वाचत असतील. त्यांनी कौतुकानं मान डोलावली. मी खांबाला धरून उभा होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तर त्या ओट्यावरची एक फट पुरली असती. सार माझ्या वडिलांना सांगत होते, “तुमचा लेक बारीक पाहतो. मद्रासेस नांव काढील.” घरी येताना वडील वाटभर त्यांच्या मराठीचं गुणगान करत होते.

त्या दुपारी मी वही पहिल्यापासून चाळली. सारांवर लावलेले शब्द चाळिसाच्या वर होते. एकेका सकाळची आठवण येऊन माझे कान तापत होते. सगळं वाचून, समजून, त्या माणसानं माझी वाक्यं सुधारली होती. त्याला मारायची माझी काठी त्यानंच मला तासून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पश्चात्तापानं गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मला तिथं नेलं ते कोर्टातल्या त्या टेबलानं. सारांनी काही झालंच नाही अशा आवाजात सहा शब्द दिले. मी घरी आलो आणि सहाही शब्दांपुढे स्वतःचं नाव लिहिलं. फार मोठं प्रायश्चित्त केल्यासारखं वाटून मला जरा भूकही लागली. सकाळी सारांनी वही पाहिली आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

“हा आळस आहे,” ते म्हणाले. “स्वतः काय, घरबसल्या सापडतो. गावात हिंड.”

मी हिंडलो. पण आता कुणावर शब्द लावायला हात धजेना. विड्याची पानं विकणारी बाई दिसली की वाटे, हिला मोडी येत असली तर? देवळासमोरच्या चपला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे मी चोरासारखा बघे आणि त्याच्यासाठी मुद्दाम सौम्य शब्द राखून ठेवी. माफीची वाक्यं मी तिन्ही भाषांत तयार केली होती. रोज सकाळी ओट्याच्या पायऱ्या चढताना ती जिभेवर असत आणि सारांनी वही मागितली की घशात परत जात. अक्का म्हणाली, जाऊन पाय धर, सुटशील. परीक्षेला निघायच्या आदल्या दिवशी मी खरंच सारांचे पाय धरले. पण परीक्षेला जाणारा कुठलाही विद्यार्थी धरतोच. तो नमस्कार परीक्षेचा होता; माफीचा म्हणून मी तो मनाशी चालवून घेतला.

मद्रासहून परतल्यावर स्टेशनवरून घरी पिशवी टाकली आणि वडिलांनी हुसकलं म्हणून मेलकावेरीला गेलो. सार वाटच बघत होते. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “वाक्यात उपयोग करायला किती शब्द होते?”

“सहा, सार.”

“सांग.”

मी पाच सांगितले. त्यातले दोन राखणदाराचे आणि न्हाव्याचे. सारांनी बोटं मिटत मोजलं. “सहावा?”

“आठवत नाही, सार.”

त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत पुढे सरकले. “सोडलास तो? रिकामा ठेवलास? अरे, एका शब्दानं जागा जाते. नीट आठव. कुठल्या अक्षरावरून होता?” ते खरोखर घाबरले होते. कोर्टातल्या टेबलाची मला वाटत होती तेवढीच भीती त्या माणसाच्या तोंडावर होती, आणि ती मी फक्त माझी लाज झाकायला त्याला देत होतो. मला ते बघवेना.

“सोडला नाही, सार. बरोबर लिहिला.”

“मग कुठला?”

“मोरिबंड,” मी म्हणालो. मोरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेला. सार आठवडाभर तापानं पडून, काठीच्या आधारानं पहिल्यांदा ओट्यावर येऊन बसले होते, त्या सकाळी मला शिकवता यावं म्हणून बसले होते, त्याच सकाळी मी तो त्यांच्या नावावर लिहिला होता.

सारांनी सुटकेचा श्वास टाकला. मग ते मराठीत म्हणाले, “तर मग चुकेल कसा? तो तूं चांगला पाहून लिहिला होतास.” आणि हसले. त्या हसण्यात टोमणा असता तर मी सुटलो असतो. टोमणा नव्हता. पोरगा पास होणार, म्हणून मास्तर हसत होता.

ती जागा मला मिळाली. माफी मी त्या दिवशी मागितली नाही, आणि पुढे दोन वर्षं सुट्टीला घरी येई तेव्हाही नाही. सारांची चौकशी मी वडिलांकडे करी, आणि नदीवर जायचं झालं तर मेलकावेरीची वाट टाळून लांबच्या रस्त्यानं जाई.