लान्सी सरांचा गाळलेला स्वर

दुपारची जेवणं आटोपून मालन आडवी होते आणि कानात हेडफोन खुपसते. इरावतीचा अल्बम. लान्सी सरांना आदरांजली म्हणून तिने त्यांच्याच जॅझच्या धुना पियानोवर वाजवल्यात. इरावती सरांची रीतसर शिष्या. मालन मात्र ते वाजवायचे त्या हॉटेलात रिसेप्शनला बसून, कान टवकारून शिकलेली. अल्बमसाठी तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. एक धून अर्ध्यावर येते आणि पापण्या जड होतात.

सर हॉटेलातल्या पियानोशी बसलेत. जाऊन इतके दिवस झाले, तरी भांग जागच्या जागी.

"ऐकलंस?"

"ऐकतेय. सगळं जग ऐकतंय."

"बरं वाजवते पोर."

"हो का." मालनच्या पोटात दुखायला लागतं. "ती आठवड्यातून एकदा यायची, सर. मी रोज होते."

"मग काय, तू जास्त लाडकी म्हणून सांगू?"

"सांगा की."

सर हसतात. हॉटेल कुठे गेलं कोण जाणे. पियानो आता मालनच्या गच्चीवर आहे, वाळत घातलेल्या साड्यांच्या मधोमध.

"वाजव बघू."

ती वाजवते. सरांची ती प्रसिद्ध जागा येते. तिथे एक स्वर गाळून ते पुढे सरकायचे आणि ऐकणारे श्वास रोखायचे. इरावतीने ती हुबेहूब उचललीय. मालनही स्वर गाळते, जरा जास्तच नजाकतीने.

सर कपाळाला हात लावतात. "तूही तेच? अगो, हॉटेलातल्या पियानोची ती पट्टी दबतच नव्हती. बारमधल्या कुणाच्या तरी मुठीतला शेंगदाणा आत पडलेला. मॅनेजर दुरुस्त करीना, मग मी वळसा घालून जायचो."

"आणि आम्ही इतकी वर्षं..."

"दाण्याचा मान राखलात."

"हे इरावतीला सांगितलंत?"

"ती कुठे भांडायला आली?"

मालन पट्ट्यांच्या फटीत नख घालून उकरते. काहीतरी सुटतं. ती पट्टी दाबते. सर डोळे मिटतात. "हाच. हाच हवा होता मला तिथे."

साड्या फडफडतात आणि ती जागी होते. अल्बम केव्हाच संपलाय.

इरावतीला फोन करावा, असं तिच्या मनात येतं. करेल कधीतरी. आधी थोडे दिवस हे एकटीचं असू दे. घरातले दाणे आठवड्यापूर्वीच संपलेत, अजून आणायचेत. तरी तिच्या नखात दाण्याची तांबूस साल अडकलीय. हात धुवायला ती उठत नाही.