माग बंद असतात तेव्हा

इकडे ये, जवळ सरक. कागदावर बोलतेय म्हणून काय झालं, तू समोर बसलायस असंच धरते. दोन लेकरांचा बाप झालास, तरी जीभ आवरत नाही का रे तुला?

गेल्या दिवाळीत पाडव्याला जेवताना थोरल्याला म्हणालास, "दादा, वर्दी मीही घालतो. मला कुठं काय झालं?" तू नेव्हीत, जहाजाच्या इंजिनावर. तो पायदळात, डोंगरातल्या चौकीवर होता. त्यानं भरलं ताट सरकवलं आणि उठला. दुसऱ्या दिवशी तू गेलास. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आम्हाला वाटायचं, थोरला फौजेची नोकरी सोडून घरी आलाय, त्याला फटाक्यांचा त्रास होईल. तर हा गल्लीतल्या पोरांना लवंगी लावून देतो! बिघडतं ते नंतर. आपल्या नवागाम वस्तीत बारा महिने कापडाच्या मागांची खटखट, त्यात तो दुपारी गाढ झोपतो. दिवाळीचं वेकेशन लागलं, माग बंद झाले, कारागीर गावाला गेले, की गल्ली एकदम गप्प होते आणि हा घामाघूम. भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसतो. मग मी पिकोचं मशीन काढते आणि नुसतंच चालवते, सुईत दोरासुद्धा नसतो. शेजारीण डोकावते, "मावशी, वेकेशनमध्ये कोणाच्या साड्या?" मी म्हणते, "तुझ्याच रुखवताच्या."

मिलिटरीच्या दवाखान्यात मी डॉक्टरला विचारलं होतं, एकाच आईचे दोघं, मग यालाच का? ते म्हणाले, "माताजी, पायी लढणाऱ्याला हे जास्त धरतं. तो जवळून मारतो, जवळून मरताना बघतो. जहाजावरच्यालाही होऊ शकतं, पण सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. यात हिमतीचा प्रश्न नाही."

थोरल्यानं मला एकदाच सांगितलं. गोळीबार थांबला, सगळं शांत झालं, तेव्हा शेजारी पडलेल्या सोबत्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तोही थांबला.

परवा मी तुझा विषय काढला. खाली बघत म्हणाला, "तो बरा आहे आई. त्याच्या जहाजावर आवाज बंद होत नाही." टोमणा नव्हता रे. टोमणा मला कळतो.

माफीबिफी मागू नकोस, तो अजूनच गप्प होईल. सुट्टी मिळत नाही, हेही सांगू नकोस. ये, त्याच्या शेजारी बसून जेव. तो अजून तुझ्याविषयी बोलतो आहे, तोवर ये. लवकर ये, बाळा.